विगोचे काळे टोमॅटो

१८ जुलै
घरमालकीण थोराबाईंना आज खुब्याच्या ऑपरेशनला नेलं. नंतर महिनाभर तिकडेच शुश्रूषागृहात. गाडीत बसता बसता काचघराची किल्ली माझ्या हातात कोंबली. "मांतास, घर जळालं तरी चालेल, पाणी चुकवू नकोस!"

सहा झाडं. काळे चेरी टोमॅटो. त्यांच्या नवऱ्यानं, विगोनं, वीस वर्षं बी धरून जपलेले. विगो गेला. यंदा पेरून उरलेलं बी उंदरांनी खाल्लं. म्हणजे ही सहा गेली की संपलं! मलाच कशाला सांगितलं? डेन्मार्कात आल्यापासून माझ्या हातात काही टिकत नाही.

२४ जुलै
पाणी घातलं.

२ ऑगस्ट
आठवडाभर पाऊस. मी कामाला जातो त्या शेतावर बटाट्यात करपा शिरलाय. दिवसभर रोगट झाडं उपटली, पोती पाठीवरून वाहिली. तसाच चिखलाचा काचघरात गेलो, फुटवे खुडले. फळं काळी व्हायला लागलीत!

७ ऑगस्ट
दोन झाडांच्या पानांवर तपकिरी डाग. देठावरही. नसेल. नसेलच.

थोराबाईंचा फोन. "कसे आहेत माझे काळे?"
"मस्त," म्हणालो.

८ ऑगस्ट
जेवणाच्या सुट्टीत रोमासला विचारलं. माझ्याच गावचा, इथं मुकादम.

"याच बुटांनी जातोस? कपडे न बदलता? गाढवा! दिवसभर करप्यात लोळतोस आणि तोच नेऊन टोमॅटोला चोळतोस!" वर हसला. "म्हातारी हाणेल तुला, नव्या खुब्यावर उभी राहून!"

मला हसू आलं नाही. मीच आणला. मीच!

९ ऑगस्ट
चार झाडं गेली. फळं काळी, डागही काळा — दिसतच नाही. दाबून बघावं लागतं. टणक, खडबडीत लागलं की मेलं. आणि दाबायचं कोणी? ज्या हातांनी आणला त्यांनीच. साबणानं चारदा धुतले.

११ ऑगस्ट
सहाही उपटली. पोत्यात घालून तोंड बांधलं. नऊ फळं चांगली वाटली. बी काढायला आई करायची तसा गर ग्लासात पिळला, पाणी घातलं, आंबायला ठेवला. फोन वाजत होता. उचलला नाही.

१४ ऑगस्ट
ग्लासावर पांढरी बुरशी. आईच्या ग्लासावर यायची का? आठवत नाही! गाळून बी कागदावर पसरलं. उगवेल का, कोण जाणे.

रविवारी जाऊन सांगायचं. की सरळ पळून जावं? बॅग भरून ठेवलीय.

१७ ऑगस्ट
सांगितलं. बुटांचं, पोत्यांचं, सगळं.

थोराबाई म्हणाल्या, "विगोही बटाट्याच्याच शेतावर होता. एका वर्षी त्याचे सगळे काळे असेच गेले. 'रात्री तू काचघराचं दार उघडं टाकलंस' म्हणाला. मरेपर्यंत म्हणत होता. शेतावर त्यालाही कोणीतरी बुटांचं सांगितलंच असेल ना रे?"

त्यांना द्यायला नेलेलं बी खिशातच राहिलं.