दादांची डिस्क आणि मशीनचं तेल

चि. भाऊजींना वहिनीचे भरभरून आशीर्वाद. (डोक्यावर केस उरले नसले तरी आमच्या लेखी तुम्ही चिरंजीवच.)

तुमची पाठ, जाऊबाईंचे गुडघे आणि तुमच्या त्या लाडावलेल्या मांजराचं पोट, ही तिन्ही ठीक आहेत असं धरून पुढे लिहिते. मी ठणठणीत आहे. डावा डोळा सुईत दोरा ओवताना जरा का-कू करतो, पण उजवा त्याला सांभाळून घेतो. शिवणाची कामं चालू आहेत. सध्या एका शाळेचे गणवेश आलेत, त्यामुळे घरभर निळ्या चिंध्या आहेत आणि काल चहाच्या कपातही एक निघाली. फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. काही गोष्टी फोनवर सांगायला घेतल्या की माझी गाडी भलत्याच रुळावर जाते (हसू नका, जाऊबाईंनाही हसू देऊ नका). म्हणून सावकाश लिहिते.

तर झालं असं, की तुमच्या दादांची ती काळी डबी, जिला हार्ड डिस्क म्हणतात, ती माझ्या हातून कामातून गेली. ती कशाची होती ते तुम्हाला ठाऊक नसेल. दादांनी कारखान्यात उभा जन्म काय केलं? यंत्राला कान लावून बसले. धडधाकट चालणाऱ्या यंत्राचा आवाज आधी नोंदवून ठेवायचा, म्हणजे पुढे ते कुरकुरलं की जुन्या आवाजाशी ताडून बिघाड कुठे आहे ते सांगता येतं, अशी त्यांची पद्धत. निवृत्त झाल्यावर यंत्रं सुटली, पण सवय सुटते थोडीच? खिशात तो रेकॉर्डर घेऊन घरभर फिरायचे. पाण्याचा पंप, माझं शिवणयंत्र, जिन्याचं दार, सगळ्यांचे आवाज घेतले आणि त्या डबीत भरून ठेवले. मी म्हणायची, अहो, दाराचा आवाज कुणी जपून ठेवतं का? त्यावर ते नुसते हसायचे. ते गेल्यावर दोन वर्षं मी त्या डबीला हात लावला नाही. धूळ पुसली तीसुद्धा आजूबाजूची. पण गेल्या महिन्यात बाह्या जोडता जोडता एकदम वाटलं, की मला त्यांचा आवाज ऐकायचाय. फोटो आहे भिंतीवर, पण तो काय बोलणार! भाऊजी, मला त्यांची फार आठवण येते. चांगलं भाषण नको होतं, नुसतं ‘अगं’ म्हटलेलं चाललं असतं.

डबी कॉम्प्युटरला जोडली, तर आतून कट्‌ कट्‌ कट्‌. आता तुम्हीच सांगा, चाळीस वर्षं मशीन चालवणाऱ्या बाईला कट्‌ कट्‌ ऐकल्यावर काय सुचणार? कोरडं पडलंय, दुसरं काय! वरचं प्लास्टिकचं कवच काढलं, आतल्या लोखंडी डबीवर एक बारीकसं भोक दिसलं (शेजारी काहीतरी ताकीद छापली होती, पण अक्षर इतकं बारीक की ते डाव्या डोळ्याच्या वाट्याला गेलं), आणि तेलाच्या कुपीनं मोजून दोन थेंब सोडले. मशीनला सोडते तसेच, हलक्या हातानं. मग पुसून पुन्हा जोडली. कट्‌ कट्‌ थांबली. मला वाटलं, जमलं! पण ती कायमचीच थांबली होती.

कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्यानं हुंगून पाहिली आणि म्हणाला, “काकू, ही फेका, नवी घ्या.” मी त्याच्या दुकानातल्या एकुलत्या एक स्टुलावर बसले ते उठलेच नाही. माझ्यामागे गिऱ्हाइकं तिष्ठत उभी राहिली तेव्हा कुठे त्यानं कबूल केलं, की मेलेल्या डिस्कमधून माल काढून देणारी माणसं असतात. पत्ता लिहून दिला आणि मला दारापर्यंत पोचवायलाही आला. तो आदर होता की खात्री करून घेणं, ते देव जाणे.

ती जागा म्हणजे थेट दवाखाना. बाहेर बाकं, आत काचेची खोली, तिच्यात डोक्यापासून पायापर्यंत पांढरं घातलेली माणसं. धुळीचा एक कणही आत जाता कामा नये म्हणे. (माझ्या घरी या म्हणावं, निळ्या चिंध्या दाखवते.) आमच्या डबीचा इलाज एका तरुण बाईकडे होता. मी तिला डॉक्टरीणबाई म्हणायला लागले आणि तिनंही ते चालवून घेतलं. तिनं डबी भिंगाखाली धरली, उलटीसुलटी करून पाहिली, मग म्हणाली, “आजी, यात तेल कसं गेलं?”

“मी घातलं.”

“कसलं?”

“शिवणाच्या मशीनचं. चांगल्यापैकी आहे, डाग पडत नाही.”

तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तिच्या आख्ख्या नोकरीत असा रोगी आला नव्हता, असं नंतर तिनं सांगितलं. त्या भोकाआड हवा गाळणारी जाळी असते, तिनं बरंचसं तेल शोषून घेतलं म्हणून आशा होती. वाचणारी सुई मात्र आधीच मोडली होती. ती कट्‌ कट्‌ तिचीच. म्हणजे तुमच्या वहिनीच्या माथी सगळंच खापर फोडू नका. आता अगदी अशाच दुसऱ्या डिस्कची सुई काढून हिला बसवायची. कंपनी तीच हवी, जात तीच हवी, जन्मवेळही जवळपासची हवी. तुमच्या दादांचं स्थळ आलं तेव्हा आमच्या माणसांनी इतकी चौकशी केली नव्हती. बाकावर माझ्या शेजारी एक गृहस्थ असायचे. त्यांची कादंबरी गेली होती, तीन खंड. मी हळहळले. मग त्यांनी मला पहिल्या खंडाची गोष्ट सांगितली आणि माझी हळहळ जरा कमी झाली.

जोडीची डिस्क मिळेपर्यंत मला घरी चैन पडेना. ऐकायला काय मिळेल त्याचे मनाशी बेत चालायचे. सकाळी दाढी करताना गुणगुणायचे ते असेल का? जिन्यात आल्यावर खाकरायचे ते? मशीन चालवताना मध्येच पाय थांबायचा आणि मी उगाच दाराकडे बघायची. शेवटी डॉक्टरीणबाईंचा फोन आला, बहुतेक सगळं निघालं म्हणून. मी चांगली साडी नेसून गेले. भाऊजी, या वयात! कुणाला भेटायला निघाल्यासारखी.

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर एक कप्पा उघडला. त्याचं नाव होतं ‘ही’. आत ‘ही – सकाळ’, ‘ही – शिवताना’, ‘ही – चिडलेली’, ‘ही – चिडलेली पुन्हा’. डॉक्टरीणबाई म्हणाली, “ही म्हणजे कोण?” म्हटलं, “मीच ती.” कानाला यंत्र लावलं आणि ऐकायला बसले. पहिल्यात मी: अहो, पंखा बंद करा, कापड उडतंय. दुसऱ्यात मी: कात्री कुठे ठेवलीत? तिसऱ्यात पुन्हा मीच, शेजारणीची संपूर्ण हकीकत, मधे श्वास न घेता. प्रश्न मी विचारते, थोडी शांतता, मग उत्तरही मीच देते. त्या शांततेत ते मान हलवत असणार, पण मान हलवल्याचा आवाज कुठे येतो! अख्खी दुपार ऐकलं. माणूस चकार शब्द बोलला नाही. एका ठिकाणी मात्र त्यांनी श्वास घेतला, बोलायच्या आधी घ्यायचे तसा, “हं...” आणि तेवढ्यात मी दुधाचा विषय काढला. मला स्वतःचा असा राग आला, की कानातलं यंत्रच उपटून टाकलं. डॉक्टरीणबाई बिचारी, हसावं की पाणी आणून द्यावं हे न कळून दोन्ही करत होती.

घरी येताना उमगलं ते असं. पंप, मशीन, दार आणि मी. धडधाकट चालणाऱ्या यंत्राचा आवाज आधी नोंदवून ठेवायचा. म्हणजे मला काही झालं तर त्यांना कळावं म्हणून त्यांनी तो साठवला होता. आता माझा आवाज पहिल्यासारखा राहिलेला नाही, दिवसदिवस तोंड उघडायचं काम पडत नाही. पण ताडून बघणारा कान गेला. मी धडधाकट आहे, त्यांना कळवायचं राहिलं इतकंच.

असो. गणवेशांच्या गुंड्या वाट बघताहेत. जाऊबाईंना नमस्कार नको, त्या लहान आहेत, त्यांना आशीर्वादच सांगा. मांजराला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.

तुमची,
वहिनी

ता. क. त्या डिस्कला मी गणवेशाच्या कापडाची पिशवी शिवली. तेलाची कुपी वरच्या फळीवर ठेवली आहे, हात सहज पोचणार नाही अशी.

आणखी एक ता. क. तुम्ही दर रविवारी फोन करता आणि मी “दूध उतू जातंय” म्हणून ठेवते. भाऊजी, दूध कधीच उतू जात नव्हतं. तुमचा आवाज हुबेहूब दादांसारखा आहे, तो सोसवायचा नाही. आता या रविवारी करा. आधी खाकरा, मग “अगं” म्हणा. वहिनीला “अगं” कसं म्हणायचं म्हणून संकोचू नका, मीच परवानगी देते आहे. पुढे काय वाटेल ते सांगा, मांजराचं सांगितलंत तरी चालेल. मी त्यांचा रेकॉर्डर लावून बसणार आहे. माझ्याकडून काहीच आवाज आला नाही, तर लाइन तुटली समजून फोन ठेवू नका. बोलत राहा. मी ऐकत असेन.