माजघरातला हिरवा दिवा

मंगळवार, दिवेलागण. रेवस.

पुतण्याचा फोन. लॅपटॉप बंद पडला, तेव्हा कुठे साहेबांना आमच्या माजघरातला कॉम्प्युटर आठवला! गणपतीत स्वतःच ठेवून गेला होता. "काका, माझे फोटो, फायली पनवेलहून रोज नेटवरून यात जमा होतील. फक्त हिरवा दिवा चालू हवा." काय ती ऐट!

मग दर रविवारी फोन. "हिरवा दिवा आहे ना?" माझे गुडघे कसे आहेत, हे एकदाही नाही. मीही अंगणातूनच म्हणायचो, "आहे रे, आहे." एवढा शिकलेला, पण फायली पोचतात का ते स्वतः बघायला नको. बाहेर पडताना मी मेन स्विच पाडतो, हे त्याला लहानपणापासून माहीत. परत येऊन तो वर केला की पंखा फिरतो, पण कॉम्प्युटरचा डबा आपोआप चालू होत नाही.

आज म्हणाला, "काका, आईचे शेवटचे फोटो त्यातच आहेत." त्याची आई, म्हणजे माझी वहिनी. दिवाळीनंतर गेली. तिच्या हातचं खाऊन मी वाढलो.

फोन कानाला लावूनच आत गेलो. दिवा बघायला पहिल्यांदाच. दिवा विझलेला, वर बोटभर धूळ.

"काका, दिवा हिरवा आहे ना?"

"आहे रे, आहे," म्हणालो.