बिनसुरीचं कोहळं

सिमला

आईच्या पायावर डोकं ठेवून प्रणाली लिहून राह्यली, मी इथं मजेत आहो. फोनवर तुले आयकू येत नाई, म्हणून पत्र. शेजारच्या समीक्षाकडून वाचून घेजो.

थंडी लय आहे. तुह्या जावयानं मोडलेला हात तेवढा ठणकते, बाकी काई नाई. तुहा दमा कसा आहे?

काल मी कामाले जाते त्या बेकरीत पाव निघाल्यावर गरम भट्टीत अख्खं कोहळं ठेवलं. मऊ झालं अन् हातानंच उकललं. वरून गूळ-तूप घातलं, आम्ही सगळ्या बायांनी पोटभर खाल्लं. पहिली सुरी लावाले गडीमाणूस शोधा नाई लागला.

हात गळ्यात बांधून मी गिरडले माहेरी आलती, तवाही घरात कोहळं पडून होतं. संध्याकाळी जावई मले न्यायले आला. तू त्याच्याच हातात सुरी देली, कोहळं चिरून घेतलं, अन् त्याच्याच मागं मले धाडलं.

कोहळं म्हणजे घरचा मोठा लेक, बाईनं त्याच्यावर सुरी चालवू नाई, म्हणून किती जपत होती तू त्याले. मी तर तुह्या पोटची लेक होती, आई.

दवाई वेळेवर घेजो. माहा पत्ता जावयाले देजो नोको.

तुही,
प्रणाली