भोईवाड्यातली सरकारी शाई

ठाकूरद्वार, मुंबई
भाऊबीजेनंतरचा सोमवार, १९५८

तीर्थस्वरूप तुळशीदासमामा यांच्या चरणी चिंतामणीचा साष्टांग नमस्कार.

पुण्याच्या थंडीत आपला दमा कसा आहे? मामींचे गुडघे काय म्हणतात? इकडे सर्व क्षेम (उर्मिलेची दाढ सोडून).

भोईवाड्यातला आमचा सरकारी शाईचा कारखाना सरकारने एका शेठना विकला, हे आपण वाचलं असेलच (नसल्यास वर्तमानपत्र बदलावं). सरकारच्या राज्यात काम नसलं तरी नोकरी असे. शेठच्या राज्यात काम तेवढंच राहिलं आणि नोकऱ्या निम्म्या झाल्या. पहिल्याच दिवशी ते बुचं लावणाऱ्या बायकांपुढे उभे राहिले. "एका बाटलीला दोन बाया कशाला?" त्यांची पुढारी शेवंता (वरळीची कोळीण, आवाज समुद्रापलीकडे जाणारा) म्हणाली, "एक बूच लावते, दुसरी तुमच्यासारख्यांना उत्तर देते." त्याच संध्याकाळी तिच्यासकट सगळ्या बायका घरी.

शेवंता घरी बसणारी नव्हे. तिने मोर्चा काढला. आम्ही कारकूनही मागे होतो (मी सर्वांत मागे, चपला हातात घेऊन). लालबागला समोरून संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा आला आणि दोन्ही एकमेकांत असे मिसळले, की "आमचा कारखाना परत द्या" म्हणता म्हणता आम्ही मुंबईच परत मागू लागलो. आमची समजूत घालायला मोटारीतून उतरलेले शेठही त्या लोंढ्यात सापडले. पोलिसांनी निवड केली नाही; सगळ्यांना उचलून चौकीच्या आवारात बसवलं.

"मी पुढारी नाही, मालक आहे!" शेठ रडकुंडीला आले. फौजदारांनी विचारलं, "यांना कोणी ओळखतं का?" आम्ही शेवंताकडे पाहिलं. तिने शेठना टोपीपासून बुटापर्यंत न्याहाळलं. "नाय बा. मी कामावर असते तर वळखला असता."

शेठ हळूच म्हणाले, "उद्यापासून सगळ्याजणी या." "फौजदारसाहेबांना ऐकू जाईल असं बोला," शेवंता म्हणाली. शेठ ओरडून बोलले. तेव्हा कुठे ती उद्गारली, "अगो बाय, हे तर आमचे शेठ!"

मामा, त्या बायका रडत हसत होत्या. मलाही गहिवरून आलं.

आपला आज्ञाधारक,
चिंतामणी

ता. क. बायका परत घेतल्यावर शेठना काटकसर कुठेतरी करणं भागच होतं. त्यांनी कारकून काढले.

ता. क. २. आपल्या खात्यात एखादी जागा आहे का? शक्यतो जे खातं कोणी विकत घेणार नाही असं.

ता. क. ३. तोवर शेवंताने शेठकडे माझ्यासाठी शब्द टाकलाय, बुचांच्या टेबलावर. उर्मिलेला यातलं काही ठाऊक नाही, म्हणून उत्तर कार्डावर नको, पाकिटातून पाठवावं; कार्डं ती आधी वाचते.