झाकून ठेवलेल्या गाडीची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा गाड्यांची सीटकव्हरं आणि हूड शिवण्याचा, तोही आता बंद, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे, कारण मी डोळे मिटल्यावर जावईबापू पहिली शंका तीच काढणार. माझ्यावर कोणीही दडपण आणलेलं नाही. दडपण आणायचा हक्क एकाच माणसाला होता, माझ्या बायकोला. तिने तो कधी वापरला नाही आणि नऊ वर्षांपूर्वी ती गेली.

याआधी मी दोन मृत्युपत्रं केली होती, ती रद्द समजावीत. पहिल्यात गाडी मुलाच्या नावे होती, दुसऱ्यात जावयाच्या. दोघांनी ती कशी घालवली ते पुढे येईल.

कलम १. खालचं दुकान मुलाला, वरच्या दोन खोल्या मुलीला. जिना दोघांचा. जिना झाडायचा कोणी यावरून भांडण होणार हे मी आजच लिहून देतो, आणि त्या भांडणात मला ओढू नये. बँकेत जे काही निघेल ते दोघांत सारखं.

कलम २. मोठं शिलाई मशीन मुलीला. तिच्या हातात माझ्यापेक्षा सफाई आहे, पण लग्न झाल्यापासून तिने नवऱ्याच्या शर्टाची बटणं सोडून काही शिवलेलं नाही. मशीन जावयाने विकायला काढलं तर मुलीने ते उचलून त्याच्या पायावर टाकावं. वजन पुरेसं आहे.

कलम ३. आता गाडी. ही मोटरहोम आहे, म्हणजे पुढे ड्रायव्हरची केबिन आणि मागे दोन माणसांना झोपायची, स्वयंपाकाची सोय. चौदा वर्षांपूर्वी मी ती जुनी घेतली. धंदा बंद करून बायकोला घेऊन समुद्रापर्यंत जायचं आणि तिथून पुढे रस्ता नेईल तिकडे, असा बेत होता. तिने आयुष्यात बहिणीच्या घरापलीकडचं गाव पाहिलं नव्हतं. मग आधी छप्पर गळायला लागलं, मग मुलीचं लग्न आलं, मग माझा गुडघा. गाडी गावाबाहेरच्या, ट्रक उभे करायच्या आवारात उभी राहिली, तीही पश्चिमेला तोंड करून. दुपारनंतरचं सगळं ऊन समोरच्या काचेवर.

ज्यांना काही कळत नाही त्यांच्यासाठी, म्हणजे माझ्या कुटुंबासाठी, लिहितो. काचेतून आलेलं ऊन केबिन खाऊन टाकतं. डॅशबोर्डला तडे जातात, सीटचं कापड हाताला लागताच फाटतं, स्टिअरिंग चिकट होतं. ऊन अडवायचं ते काचेच्या बाहेर. आतून पडदा लावणं म्हणजे चोर घरात आल्यावर दाराला कडी घालणं. मी स्वतः कव्हर शिवलं : वरून जाड पांढरं कॅनव्हास, आतून मऊ फ्लॅनेल, समोरची काच आणि दोन्ही दारांच्या काचा एकाच तुकड्यात, दोन्हीकडचे पट्टे दारात अडकवून आतल्या बकलात आवळायचे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते काढायचं, काच पुसायची, दारं उघडून तासभर हवा खेळू द्यायची, मग कापड झटकून परत घालायचं. कापडाखाली धूळ राहिली तर वाऱ्याने कापड हलतं आणि काच घासली जाते. यात न कळण्यासारखं काय आहे, ते मला आजवर कळलेलं नाही.

बायको गेल्यानंतरच्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि एक उन्हाळा मी गाडी मुलाकडे सोपवली. कव्हर घालायला खाली वाकावं लागतं, म्हणून साहेबांनी ते घडी करून ठेवलं आणि आतून काचेला वर्तमानपत्रं डकवली. खाकी चिकटपट्टीने. दोन महिन्यांत ती पट्टी उन्हात भाजून काचेत मुरली. ती काढायला याने ब्लेड घेतलं आणि काचेवर रेघोट्या मारल्या. वर मलाच म्हणतो, काचच तर आहे, बाबा. मुलगा ऑफिसात मोठ्या खुर्चीवर आहे, चार माणसं त्याच्या हाताखाली काम करतात. त्या चौघांची मला मनापासून कीव येते.

जावई वेगळ्या जातीचा मूर्ख. माझा मुलगा निदान वाचत नाही, हा वाचतो. वाचून आल्यावर मला तासभर शिकवत होता. दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी त्याने आतून चकचकीत पत्र्यासारखी शीट टेकवली, सगळ्या फटी टेपने बंद केल्या आणि वरून काळी ताडपत्री दोरीने करकचून बांधली. मला फोटो पाठवला, "मामा, पॅकिंग बघा." गाडी होती की पार्सल? पावसाळा संपल्यावर उघडली तर स्टिअरिंगवर पांढरी बुरशी, डॅशबोर्ड मधोमध फुगलेला आणि दोरीने दाराचा रंग खरवडलेला. काच मी बदलली, डॅशबोर्ड बदलला, दारं रंगवली. जावईबापूंचा सल्ला असा, की आता गाडीची बाजू कापून खिडकी काढू आणि खाण्याचा स्टॉल लावू. त्याच आठवड्यात दुसरं मृत्युपत्र फाडलं.

कलम ४. मेहुणीबद्दल. ही माझ्या बायकोची धाकटी बहीण. मोटार ड्रायव्हिंग शाळेत शिकवते, ट्रकसुद्धा चालवते. तोंडाने फटकळ, समोर चिटपाखरू नसताना हॉर्न वाजवते, आणि कोणाच्या घरी गेली की चप्पल दारात आडवी काढते. नऊ वर्षं मी तिच्याशी बोललो नाही. का, ते घरात कोणाला धड माहीत नाही. आज लिहितो.

बायकोचं दुखणं तेव्हा शेवटाला आलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मला माहीत होतं, तिलाही. महिन्याचा पहिला रविवार होता. मला सोबत म्हणून ती आवारात आली होती. मी काच पुसून कव्हर चढवलं, बकलं आवळली, तेव्हा ती म्हणाली, "अहो, एकदा पुढे बसून बघते." मी म्हटलं, आत्ताच तर घातलंय, पुढच्या महिन्यात काढेन तेव्हा बस. तिने वाद घातला नाही. मागच्या दाराने चढली, आतून पुढे आली आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसली. कव्हर घातलेल्या काचेकडे तोंड करून. तासभर. मी बाहेर आरसे पुसत होतो, आणि पहारेकऱ्याला हसून म्हणालो, बघा, आमची सहल निघाली.

तेवढ्यात मेहुणी डबा घेऊन आली. तिने मागच्या दारातून आत डोकावून पाहिलं. माझ्या पिशवीतून मोठी कात्री काढली, जिला तीस वर्षांत मी कापडाशिवाय काही लावू दिलं नव्हतं, आणि दोन्हीकडचे पट्टे बकलांसकट कापले. कव्हर खाली आलं. समोर आवाराची भिंत होती, तीन ट्रक होते आणि भिंतीवरून हमरस्त्याचा एक तुकडा. बायको बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "रस्ता दिसतो की इथून."

मेहुणी माझ्याकडे वळली. "भाऊजी, ही काच कोणासाठी जपताय?"

मी तिला आवारातून हाकललं. दोन दिवसांत नवे पट्टे शिवून कव्हर पुन्हा चढवलं. बायको त्यानंतर चार महिने होती. पुढचे रविवार ती घरीच थांबली, आणि मीही तिला चल म्हटलं नाही. गाडीच्या बाबतीत मुलगा मूर्ख, जावई दीडशहाणा, हे वर लिहिलं आहे आणि त्यातलं एक अक्षर मी मागे घेत नाही. पण त्यांनी फक्त काच खराब केली. मी काच चांगली ठेवली आणि माझ्या बायकोला तिच्यामागे अंधारात बसवलं. ही लाज मी नऊ वर्षं मेहुणीवरचा राग म्हणून सांभाळली. या घराण्यात पहिल्या नंबरचा गाढव कोण, यासाठी वकील लावायची गरज नाही.

कलम ५. सबब सदर गाडी, किल्ल्या आणि कागदपत्रांसह, मी मेहुणीला देत आहे. तिला मी माफ केलेलं नाही, कात्रीला अजून धार येत नाही. कव्हर गाडीबरोबर जाणार नाही. ते कापून आवारात पुसायला वाटावं. काच उन्हाने खराब झाली तर होऊ दे. मुलाने आणि जावयाने या कलमावर हरकत घेतल्यास त्यांचा जिनाही काढून घ्यावा.

आज सकाळी तिला फोन केला. नऊ वर्षांनी. गाडी तुझ्या नावाने लिहितो आहे, एवढंच सांगितलं. मला वाटलं होतं, ती फोन आपटेल. ती म्हणाली, "बॅटरी चार्ज आहे का?" दुपारी बॅटरीवाल्याला घेऊनच आली. तिला साक्षीदार करता येत नाही, कारण लाभ तिला होतो. ती बाहेर टायरची हवा बघते आहे आणि मला लवकर आटपा म्हणते आहे, कारण समुद्र इथून सहा तासांवर आहे आणि माझ्या मरणाची वाट बघत बसायला तिला सवड नाही.

सही वाकडी आली आहे. समोरची काच उघडी आहे, ऊन सरळ डोळ्यांत येतं. सही माझीच आहे.

आमच्या समक्ष सही केली :
१. आवाराचा पहारेकरी (सही)
२. बॅटरीवाला (सही)

स्थळ : सदर गाडीची केबिन, ड्रायव्हरशेजारची सीट. ही सीट मी शिवली, बसलो आज पहिल्यांदा.
दिनांक : १४ एप्रिल, दुपारी चार वाजता.