निवेसच्या पत्रिकांचा पुठ्ठा

तोरिनो, २ ऑक्टोबर १९७१

तीर्थरूप बाबांच्या चरणी निवेसचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. खोकल्याबद्दल एक ओळ आणि कुत्रीबद्दल दोन पानं, तेव्हा तब्येत ठणठणीत आहे हे समजलं.

सोबत चाळीस लग्नपत्रिका पाठवतेय. ४ डिसेंबर, शनिवार, सकाळी अकरा वाजता, आपल्याच गावच्या चर्चमध्ये. फाउस्तोच्या आईला इथलं मोठं चर्च हवं होतं, ते मी ऐकलं नाही. मग पत्रिकेचा हा जाड, मलईच्या रंगाचा पुठ्ठा त्यांनी निवडला, तो मी मुकाट्याने मान्य केला. गावात घरोघरी तुम्हीच वाटायच्या.

एका पत्रिकेवर मी हाताने 'माझ्या दुईलिओकाकांना' असं लिहिलंय. ती तुम्ही स्वतः नेऊन द्या. एका बेकाच्चावर दोघांचे बार एकदम उडाले, तो कोणी पाडला यावरून जुंपली, आणि त्या एवढ्याशा लांब चोचीच्या पाखरापायी सख्खे भाऊ सहा वर्षं बोलत नाहीत! तुम्ही बेल्जियमच्या खाणीत होतात ती चार वर्षं काकांनी मला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत नेलं. मी लिहिलं तर ते येणार नाहीत. मुलीच्या बापाचं बोलावणं आल्याशिवाय आपल्याकडे कोणी लग्नाला येतं का? ते नसले तर मला त्या दिवशी रडू येईल, आणि ते आनंदाचं नसेल.

रागावलात तरी चालेल, लोभ तेवढा कमी करू नका.

तुमची निवेस

*

कास्तेल्फोस्को, २१ ऑक्टोबर १९७१

चि. निवेस हिला बाबांचे अ. उ. आ.

एक भानगड झाली आहे. आधी सगळं वाच, मग ओरड.

शिकारीचा हंगाम तोंडावर आलाय आणि सगळ्या गावाची काडतुसं भरायला माझ्याच टेबलावर. आपल्या ओकच्या रानात पाखरू पंधरा पावलांवर उठतं आणि डोळा लवतो न लवतो तोच झाडाआड जातं. तिथे छर्रे एकगठ्ठा गेले तर नेम चुकतो, नाहीतर पाखराचा पार चेंदामेंदा होतो आणि ताटात काही येत नाही. म्हणून मी छर्ऱ्यांच्या मधोमध पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या एकमेकींत अडकवून क्रूस उभा करतो, म्हणजे बाहेर पडताच ते चहूकडे फाकतात. हे तुला पाळण्यात असल्यापासून माहीत आहे. अडचण असते ती पुठ्ठ्याची. बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा मऊ, आतच मोडतो. तुझ्या पत्रिका समोर पडल्या होत्या. एक नुसती वाकवून बघितली. निवेस, काय पुठ्ठा आहे गं!

परसात वर्तमानपत्राचं पान टांगून पंधरा पावलांवरून बार काढला. खोक्याच्या पुठ्ठ्याने मधोमध बशीएवढं भगदाड पडायचं. तुझ्या पत्रिकेने छर्रे सगळ्या पानावर असे सारखे बसले की कोणी मोजून टोचलेत असं वाटावं. त्या आनंदात मी एकोणीस कापून बसलो. ते पान सोबत पाठवतोय. फाउस्तोच्या आईला दाखव आणि सांग, म्हणावं, बाईंची नजर पारखी आहे.

उरलेल्या वाटल्या, बाकीच्यांना तोंडी सांगितलं. दुईलिओची कापणीत गेली. चुकून. आता मोकळ्या हाताने त्याच्या दारात जाणं मला जमायचं नाही, तेव्हा तो विषय सोड. त्याची दहा काडतुसं मात्र दर वर्षीसारखी भरून इओलेच्या तंबाखूच्या दुकानात ठेवली आहेत. कोणा शहरातल्या माणसाची म्हणून ती त्याला देते. भांडण भांडणाच्या जागी. त्याला आता कमी दिसतं, आणि त्याला लागतो तेवढा फैलाव दुसऱ्या कोणाला साधत नाही.

तुझी आई असती तर तिने पत्रिका कपाटात कुलूप लावून ठेवल्या असत्या. मी एकटा आहे, सांभाळून घे.

तुझा अपराधी बाप, एर्मेते

*

तोरिनो, २८ ऑक्टोबर १९७१

तीर्थरूप बाबांना सा. न.

लोक लग्नात तांदूळ उधळतात, तुम्ही पत्रिकाच उधळल्यात! फाउस्तो तुमचं पत्र वाचून जमिनीवर बसून हसला. त्याच्या आईने ते भोकं पडलेलं पान दोनदा उलटसुलट बघितलं आणि विचारलं, की हे लोक लग्नात बंदुका आणणार आहेत का.

मीही हसले, पण काकांच्या पत्रिकेपाशी आल्यावर हसू थांबलं. बाबा, चाळीसातली नेमकी तीच? नव्या छापून मिळायला आता वेळ नाही. साध्या कागदावर चार ओळी लिहा. चार नको, एक लिहा. मी हात जोडते.

माया असेल तर ऐका.

निवेस

*

कास्तेल्फोस्को, १७ नोव्हेंबर १९७१

चि. निवेस हिस दुईलिओकाकाचे पोटभर आशीर्वाद.

सहा वर्षांनी लिहितोय, अक्षर बिघडलंय, चष्म्याला दोष दे.

गावात काय धमाल चाललीय तुला कल्पना नाही. लोक रानात जातात पाखरांसाठी आणि पालापाचोळ्यातून वेचून आणतात तुझ्या पत्रिकेचे तुकडे. अमेरिगोच्या काडतुसांतून 'अकरा वाजता' तीनदा निघालं आणि नवरीचं नाव एकदाही नाही. माझी दहा काडतुसं देताना इओले सांगत होती, यांतही एर्मेतेने भरताना घोळच घातला असेल म्हणून. शहरातल्या माणसाची म्हणून मला देते आणि नाव एर्मेतेचं घेते, एवढंही बाईला भान राहिलं नाही. राहिलं असतं तरी काय? काडतुसाचा काठ असा डावीकडे कलता वळवणारा या डोंगरात एकच आहे.

मग मीही माझी दहा उघडली, एकही बार न काढता. वीस पट्ट्या निघाल्या. ओट्यावर जुळवत बसलो. निवेस, त्या वीस पट्ट्यांची मिळून एकच पत्रिका झाली. एक तुकडा जास्त नाही, एक कमी नाही. तुझं नाव, मुलाचं नाव, चर्च, तारीख, वेळ, आणि वर तुझ्या हातचं 'माझ्या दुईलिओकाकांना'. गावभर घोळ घालणाऱ्याच्या हातून माझ्याच दहांत घोळ झाला नाही.

रडलो म्हणालीस तरी नाही म्हणणार नाही.

काल दुपारी ती पत्रिका पिठाच्या खळीने फळीवर चिकटवून तुझ्या बापाकडे घेऊन गेलो. तो काडतुसंच भरत होता. फळीकडे त्याने बघितलं आणि पुढचं काडतूस हातात घेतलं. मी म्हटलं, माझी दहा वाया गेली, नवी हवीत. तो म्हणाला, वेळ लागेल, बस. मी बसलो. आज पुन्हा आलोय, हे पत्र त्याच्याच टेबलावर लिहितोय आणि तो शेजारून मान लांब करून वाचतोय.

चार तारखेला तुझ्या एका बाजूला तो आणि दुसऱ्या बाजूला मी. माया होती तशीच आहे, तूही ठेव.

तुझा काका, दुईलिओ

ता. क. काकाचं ऐकू नकोस. पत्रिका चुकूनच कापली होती. — बाबा