दुनळी, तिची दोन घट्ट तोंडे आणि इतर मालमत्ता

मी, खाली सही करणारा, वय एकोणपन्नास, धंदा बंदुका दुरुस्त करण्याचा, गल्लीत ज्याला बंदूकवाला म्हणतात तो, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. खात्रीसाठी बायकोला विचारले. ती म्हणाली, "आज आहे." हे लिहिण्यासाठी माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही, की मला काही पाजलेले नाही. चहा मी स्वतः केला.

येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. शंभरातले पंचाण्णव जण उठून घरी जातात, असे डॉक्टर म्हणाले. माझे मेहुणे हवेत उडवलेल्या पंचवीस मातीच्या चकत्यांपैकी एकवीस पाडतात आणि लोक त्यांना पट्टीचे नेमबाज म्हणतात, त्या मानाने हे चांगले आहे. बाकीचे देवावर सोपवले आहे. बंदुकीचे मात्र देवावर सोपवता येत नाही. ते मलाच लिहून ठेवले पाहिजे.

कलम १. राहते घर, म्हणजे मागच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढचे दुकान, पत्नीला. मागच्या दाराची कडी वर उचलून मग ओढावी लागते. बावीस वर्षे मी ती "उद्या बसवतो" म्हणत आलो. लोकांच्या बंदुकांचे खटके केसभर चुकू न देणाऱ्या माणसाच्या घरात ही कडी, असे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. ते तिने पुढेही सांगावे.

कलम २. बँकेत जे काही असेल ते पत्नीचे. ते इतके आहे की त्यावरून कोणाचे भांडण होणार नाही.

कलम ३. माझी शिडी शेजारच्या घड्याळजीला. ती सहा वर्षे त्याच्याकडेच आहे.

कलम ४. आता मुख्य मालमत्ता. एक दुनळी बंदूक, दोन नळ्या शेजारी-शेजारी, अक्रोडाचा दस्ता, दस्त्यावर उजव्या बाजूला एक ओरखडा, दोन्ही नळ्यांची तोंडे घट्ट. ही मला माझ्या वस्तादांकडून मिळाली. त्यांच्याच हाताखाली मी हा धंदा शिकलो.

ज्यांना यातले कळत नाही त्यांच्यासाठी लिहितो. छर्‍याच्या बंदुकीची नळी सरळ असते, पण शेवटच्या दोन इंचांत ती आतून किंचित आवळलेली असते. त्याला चोक म्हणतात. तोंड जितके घट्ट, तितका छर्‍यांचा झुबका लांबपर्यंत एकत्र राहतो. या बंदुकीत ही आवळ पुरी एक मिलिमीटर आहे, दोन्ही नळ्यांना, नळीतच घडवलेली. आटे फिरवून बदलता येण्यासारखे काही नाही. चाळीस पावलांवर तिच्याइतकी चोख बंदूक मी पाहिली नाही. वीस पावलांवर मात्र झुबका जेमतेम ताटाएवढा पडतो, आणि आमच्या मैदानावर मातीच्या चकत्या वीस-पंचवीस पावलांवरच फुटाव्या लागतात. म्हणजे लागली तर चकतीचे पीठ, आणि नाही लागली तर चकती खुशाल गवतात जाऊन बसते.

आवळ कमी करता येते, त्याला तोंड उघडणे म्हणतात. रीमर नावाचे कातरणारे हत्यार आत फिरवायचे. पण काढलेले लोखंड परत लावता येत नाही.

कलम ५. हे शेवटचे वाक्य मी पंचवीस वर्षे गिऱ्हाइकांना ऐकवत आलो. कोणी चोक उघडायला बंदूक आणली की मी म्हणायचो, "काढलेलं लोखंड परत येत नाही, नेम सुधारा." लोकांनी ते माझे तत्त्व मानले. काहींनी त्याबद्दल मला मानही दिला. ते तत्त्व नव्हते, हे मी आता लिहून देतो.

मी चोवीस वर्षांचा असताना वस्तादांनी मला एका गिऱ्हाइकाची नळी उघडायला दिली. रीमर मधोमध राहावा म्हणून त्याच्या पुढे पितळी बुश, म्हणजे एक जाड कडे, बसवतात. तो नळीत अगदी नेमका बसावा लागतो. माझा सैल होता. नवा करायला अर्धा दिवस लागला असता आणि माझा हात तेव्हा फार चांगला होता, असे माझे मत होते. रीमर एका बाजूला जास्त कातरत गेला. ती बंदूक त्या दिवसापासून डावीकडे मारू लागली आणि मोडीत जाईपर्यंत डावीकडेच मारत राहिली. वस्तादांनी गिऱ्हाइकाला सांगितले, "चूक माझी. आता दिसत नाही पूर्वीसारखं." त्यांना उत्तम दिसत होते. मला ते एवढेच म्हणाले, "बुश नवा करायचा होतास." त्यानंतर मी एकही चोक उघडला नाही. वस्ताद गेले तेव्हा ही दुनळी आणि तो रीमर दोन्ही त्यांनी माझ्यासाठी ठेवले. रीमर का ठेवला, ते मी स्वतःला कधी विचारले नाही.

कलम ६. माझे मेहुणे, म्हणजे पत्नीचे थोरले भाऊ, यांच्याविषयी.

अकरा वर्षांपूर्वी ते त्यांची बंदूक घेऊन आले. तीही अशीच घट्ट. "दाजी," ते म्हणाले, "ही उघडा. पंचविसात बारा पडतात, लोक हसतात."

मी लोखंडाचे वाक्य म्हटले.

"ते गिऱ्हाइकांना सांगा. मी घरचा माणूस आहे."

घरच्या माणसाला नाही म्हणता येईना आणि रीमर हातात धरवेना. मी बंदूक आठ दिवस ठेवून घेतली, नळ्या आतून आरशासारख्या घासल्या, तेल दिले आणि परत केली. "बघा आता," एवढेच म्हणालो. उघडली असे म्हणालो नाही. मजुरीही घेतली नाही, म्हणून पाप निम्मे झाले असे मी धरून चाललो.

पुढच्याच रविवारी त्यांनी एकोणीस पाडल्या. बंदूक आता लहानसहान चुका माफ करते असे वाटल्यावर त्यांनी चकतीकडे डोळे वटारून नेम धरणे सोडले, आणि बंदूक हवी तशी फिरू लागली. तेव्हापासून ते मैदानावर माझे नाव घेतात. मेहुण्यांची क्षमा मागतो. त्यांची बंदूक जशी आली तशीच गेली.

कलम ७. माझी मुलगी. वय सव्वीस, चष्म्याच्या दुकानात भिंगे मोजण्याचे काम करते. तीन वर्षे ती ही दुनळी चालवते आहे आणि तिच्या पंचविसात तेरा-चौदाच्या पुढे जात नाहीत. तिला मी बंदूक खांद्याला लावायला शिकवले, आणि बंदुकीविषयी शंका आली तर कागदाला विचारायचे, हेही शिकवले. मोठा कागद टांगायचा, चाळीस पावलांवरून एक बार काढायचा, तीस इंचांचे वर्तुळ आखायचे आणि आतली भोके पेन्सिलीने खुणा करत मोजायची. तोंड उघडले असेल तर छर्रे जास्त पसरतात आणि आतली भोके कमी होतात.

ती म्हणायची, "मामाची उघडलीत. माझी का नाही?"

खरे उत्तर दिले असते तर कलम ५ आणि ६ तेव्हाच सांगावी लागली असती. म्हणून गेल्या महिन्यात मी तिचीही बंदूक आठ दिवस ठेवून घेतली, आरशासारखी घासली आणि म्हणालो, "बघ आता."

ती रविवारी मैदानावर गेली. संध्याकाळी आली आणि दोन कागद माझ्यासमोर जेवणाच्या टेबलावर पसरले.

"हा पूर्वीचा. उजवी नळी, दोनशे बारा भोकं. हा आजचा. दोनशे नऊ."

"तीनचा फरक आहे की," मी म्हणालो.

"बाबा."

ती कागदांच्या घड्या घालत म्हणाली, "मामाचीही नाही ना?"

मी ताटे मांडायला उठलो. ती ओरडली असती तर बरे झाले असते. त्या दिवसापासून ती माझ्याशी "जेवायला चला" आणि "औषध घेतलंत का" एवढे दोनच बोलते. मी रोज सकाळी देवापुढे बसतो आणि उठताना वाटते की आज सांगू. मग दुकान उघडायची वेळ होते.

कलम ८. म्हणून सदर दुनळी, मुलीला तिचा परवाना मिळाल्यावर, मुलीला. तिच्यासोबत वस्तादांचा रीमर, आतली मापे घेण्याचा गेज आणि शेवग्याच्या शेंगेएवढा पितळेचा गज, ज्यातून नवा बुश करता येईल. तोंडे उघडायची की तशीच ठेवायची हे तिने ठरवावे. माझे मत विचारायचे झाले तर असे आहे: पहिला बार उजव्या नळीचा निघतो आणि तेव्हा चकती जवळ असते. उजवी थोडी उघडावी, डावी राहू द्यावी. हे मला तीन वर्षांपूर्वीही माहीत होते. काम दुसऱ्या कोणाला देऊ नये. बुश नवा करावा.

हे सर्व मी समजून-उमजून लिहिले आहे. यातली कलमे ५ ते ७ खरी आहेत याला देव साक्षी आहे. पण कायद्याला माणसे लागतात, म्हणून दोन माणसे खाली.

सही: बंदूकवाला
ठिकाण: दुकानामागची खोली
तारीख: चालू महिन्याची नऊ, रविवार

साक्षीदार पहिला: शेजारचा घड्याळजी. (शिडी मिळणाऱ्याची सही चालत नाही, असे त्याने स्वतःच निदर्शनास आणले. म्हणून कलम ३ रद्द. शिडी त्याने सहीआधी परत आणली.)

साक्षीदार दुसरा: मेहुणे. साक्षीदाराने मजकूर वाचण्याची गरज नसते, असे मी त्यांना सांगितले होते. त्यांनी तो मोठ्याने वाचला, आणि सहीखाली पुढील शेरा लिहिला:

"कलम ६ मला मान्य नाही. बंदुकीत पडलेला फरक मी अकरा वर्षे स्वतः अनुभवला आहे. दाजींची तब्येत पाहता त्यांच्या लिहिण्याकडे दुर्लक्ष करावे."

पुरवणी, बुधवार, तारीख बारा

कलम ४ मधील वर्णन आता चुकीचे ठरत असल्याने ही पुरवणी जोडत आहे.

मेहुणे मोठ्याने वाचत होते तेव्हा मुलगी स्वयंपाकघरात होती. ते कलम ८ ला आले तशी ती हात पुसत बाहेर आली. सगळे गेल्यावर मला म्हणाली, "तुम्ही गेल्यावर रीमर धरायला मला कोण शिकवणार? घड्याळजीकाका?"

मी म्हणालो, गुरुवार तोंडावर आला आहे.

"बुशला अर्धा दिवस लागतो, तुम्हीच लिहिलंय. आज रविवारच आहे."

बुशला दीड दिवस लागला. तिने तो तीनदा केला. पहिले दोन मला चालले असते. मंगळवारी दुपारी तिने नळी शेगड्यात, म्हणजे टेबलाच्या लोखंडी पकडीत, धरली आणि रीमर घातला. मी दिवा धरला. दर दोन फेऱ्यांनी बाहेर काढायचा, पुसायचा, मोजायचा. एकदा तो किंचित अडला. मी "थांब" म्हणेपर्यंत ती थांबलेली होती.

आज सकाळी मैदानावर कागद टांगला. उजव्या नळीची वर्तुळात एकशे पासष्ट भोके, आणि झुबका मधोमध. डावीकडे झुकाव आहे का हे मी चार वेळा पाहिले. ती म्हणाली, "बाबा, पुरे." मग घरी येईपर्यंत ती इतर गोष्टी बोलत होती. चष्म्याच्या दुकानात कोणीतरी दुसऱ्याचाच चष्मा लावून गेले, असे काहीसे.

सबब कलम ४ मध्ये "दोन्ही नळ्यांची तोंडे घट्ट" याऐवजी "डावी घट्ट, उजवी मुलीने स्वतःच्या हाताने उघडलेली, मधोमध" असे वाचावे. बाकी कलमे कायम. शिडी पुन्हा घड्याळजीकडे गेली आहे, पण ती फक्त वापरायला.

सही: बंदूकवाला

साक्षीदार तेच. मेहुण्यांनी या खेपेला शेरा लिहिला नाही. निघताना त्यांनी विचारले, तो गेज त्यांच्या बंदुकीच्या नळीत बसेल का. मी म्हणालो, बसेल. अजून त्यांनी बंदूक आणलेली नाही.